चार बहिणींचा लोड

लोकांची घरं जळू नयेत, याची काळजी घेऊन मी पोट भरतो. दिग्रसला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि अर्ध्या गावाचं वायरिंग माझ्या हातचं आहे. (उरलेल्या अर्ध्या गावाचं नशीब!)

घरी नवीन स्वयंपाकघर बांधलं, तेव्हा मी लोडचा हिशेब मांडला. एका वेळी किती वस्तू चालणार, त्यावर वायर किती जाड घ्यायची ते ठरतं. बायकोला, शोभाला, विचारलं, "तुले हात किती?"

"दोन. काहून?"

"मंग एका टायमाले वस्तूबी दोनच चालतीन! एक विजेची शेगडी, एक मिक्सर. झाला लोड!"

शेगडी दोन हजार वॅटची, मिक्सर साडेसातशेचा. सोळा अँपिअरच्या एका लाईनवर साडेतीन हजार वॅट आरामात चालतात. मी खूष!

"दोन लाईनी टाका जी," शोभा म्हणाली. "हात माह्ये दोन हायेत, पन बहिनी तुमच्या चार हायेत."

"बहिनीचा लोड धरत नसतात!" मी म्हणालो. (हे वाक्य आठवलं की मी अजूनही एकटाच जीभ चावतो.)

कारण आमच्या घरातली रीत मी साफ विसरलो होतो. कार्याला येणारी प्रत्येक बहीण आपला मिक्सर घेऊन येते. कधी काळी धाकट्या बेबीने थोरल्या सुमनताईच्या मिक्सरात हरभऱ्याची डाळ वाटता वाटता मिक्सर जाळला. तेव्हापासून कोणी कोणाचा मिक्सर मागत नाही, देत नाही, त्याला हातही लावत नाही.

माझ्या एकुलत्या लेकीचं, प्राचीचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा घरीच करायचा ठरला. मुलाकडची मंडळी घाटंजीहून येणार होती. पोरगी आदल्या दिवशीच म्हणाली, "बाबा, त्यायच्या समोर माही इज्जत ठेवजा."

पाहुणे आले, जय भीम झाला, मंडळी कूलरसमोर बसली. आत चार बहिणींनी चार मिक्सर मांडले. कोणी पाटोडीचं वाटण, कोणी वड्याची डाळ, कोणी चटणी! त्यात शोभाने शेगडी लावली. खट! भार जास्त झाला की आपोआप पडतो तो खटका पडला. मी वर केला. खट!

"कोनं लावला?" मी ओरडलो.

"मी नाही, बेबीनं!" मधली कमल म्हणाली.

"मी कायले लावू? सुमनताईचाच मिक्सर म्हशीवानी घुरघुरून राह्यला!"

मग मी चौकातल्या पोलिसासारखा बोर्डाखाली उभा राहिलो. "सुमनताई चालू! कमल बंद! बेबी, मी सांगतलं का तुले?" तेवढ्यात बाहेरून व्याह्यांचा आवाज आला, "मुलीचे वडील कोठी गेले जी? वंदना सुरू कराची हाय!"

प्राची दारात येऊन उभी राहिली. अंगावर नवी साडी आणि डोळ्यांत पाणी. "बाबा..." एवढंच म्हणाली. आणि ज्याबद्दल मी गिऱ्हाइकांना झापतो, नेमकं तेच मी केलं. सोळाचा खटका काढून तिथे बत्तीसचा बसवला. वायर मात्र तीच, बारीक! खटका पडतो म्हणून वायर वाचते, हे मी गावभर सांगत फिरतो. आता लिहितानाही कान गरम होतात.

पाच मिनिटं स्वर्ग! चारही मिक्सर, वर शेगडी! मग वास आला.

"शोभा, काही करपलं काय?"

"माह्यं नाही, तुमचं करपून राह्यलं!"

बोर्डातून धूर निघाला, फट्‌कन आवाज झाला आणि अख्ख्या घराची वीज गेली. कूलर बंद! मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. शेजारच्या भाभी "सब इधर लाव!" म्हणत आल्या आणि अर्धकच्चा स्वयंपाक त्यांच्या गॅसवर गेला. पाहुणे नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघराच्या दारात जमले. मी तोंडाला काजळी फासलेला, त्यांच्याकडे पाठ करून स्टुलावर उभा. वळायची हिंमतच होईना.

नवरदेवाचे मामा मुकुटबनहून त्याच घटकेला पोचले होते. स्टुलावरचा काळा माणूस मुलीचा बाप आहे, हे त्यांना काय माहीत! काम झालं की आम्ही वायरमन लोक बोर्डावर दुकानाचं स्टिकर लावतो, नंबरासकट. घरच्या बोर्डावरही मी मोठ्या ऐटीत लावलं होतं. मामांनी ते वाचलं. "थांबा, ज्यानं वायरिंग केली त्यालेच बोलावतो," म्हणाले.

माझा खिसा वाजला. मी न बघताच फोन कानाला लावला.

"हॅलो! येथची वायरिंग जळाली जी! लवकर या!"

आवाज फोनमधूनही आला आणि पाठीमागूनही आला. पण इतक्या वर्षांची सवय! तोंडातून निघूनच गेलं, "आज जमत नाही, उद्या पाहतो!"

मग व्याही हसता हसता चौकटीला धरून खालीच बसले. प्राचीही हसली. मला मात्र स्टूल जमिनीत गेलं तर बरं, असं झालं होतं.

साक्षगंध झालं, पुढे लग्नही झालं. जावई फार सज्जन आहे, त्या दिवसाचा विषय कधी काढत नाही. परवा त्याच्यासमोर बसून मी त्याला चुकून फोन लावला. टेबलावरचा त्याचा मोबाईल वाजला आणि त्यावर सासऱ्याचं नाव झळकलं: 'उद्या पाहतो'.