तिच्या हातांचा दुभाषी

माझ्या बहिणीने दिलेला होकार मी वडिलांना नकार म्हणून सांगितला. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पन्नाशी उलटल्यावर हे लिहिताना एवढे मान्य करतो, की मला तो होकार नीट समजला होता.

आम्ही पवनीचे विणकर. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत तीन मुली जन्मतः बहिऱ्या होत्या: माझी धाकटी बहीण आणि शेजारच्या दोघी बहिणी. मागासाठी कांड्यांवर सूत भरता भरता त्या हातांनी बोलत. शेजारची थोरली अख्खा प्रसंग नाटकासारखा करून दाखवी. तिची धाकटी बहीण आणि माझी बहीण या दोघींनी त्याला नियम आणले. समोर नसलेल्या माणसाला हवेत एक जागा द्यायची. पुढे त्या जागेकडे नुसते बोट पुरे. 'दिले' ही खूण देणाऱ्याच्या जागेपासून घेणाऱ्याच्या जागेपर्यंत न्यायची. माझा हात उलटा गेला, की तिघी हसत आणि मनगट धरून तो फिरवून देत. हे त्यांना कोणीही शिकवले नव्हते. आमच्या घरात ती भाषा मला एकट्याला येत असे.

एकदा नागपूरच्या बहिऱ्यांच्या निवासी शाळेतले गुरुजी आले. शेजारच्या दोघींचे जाणे ठरले. वडील मला म्हणाले, "पुस तिले, जाते काय. तुमचे हातवारे तुलेच समजते."

तिने मैत्रिणींना डावीकडे हवेत उभे केले, तिथून दूर समोर नेले आणि भुवया उंचावून क्षणभर थांबली. मग स्वतःलाही त्याच वाटेने नेले. त्या जात असतील, तर मीही जाईन. भुवयांतला तो 'तर' मला स्वच्छ दिसला.

"नाई म्हनते," मी म्हणालो.

ती गेली असती, तर कांड्यांचे काम माझ्यावर आले असते. तिच्यावाचून करमणार नाही, हे कारण मी मागाहून शोधले. आणि तेच पुढे खरे झाले, ती घरात असूनही. मैत्रिणी गेल्यावर तिचे बोलणे भूक, पाणी, काम इतक्यावर आले. हवेत ती कोणाला उभे करीना. तिच्या त्या भरभर बोलण्यासाठी मी आजही झुरतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शेजारची थोरली माहेरी आली. तिचे हात शाळेत शिकलेल्या खुणांनी चालत होते. त्या समजून घेताना माझी बहीण मागे पडत होती.

"शाळा दारात आली होती," आई नेहमीचेच म्हणाली. "हिनंच नाई म्हटलं. आता तिचे हात पाहून काय होते?"

बहिणीला ते ऐकू आले नाही. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि आईलाही कळावे म्हणून हातांबरोबर तोंडानेही बोललो: "तू हो म्हनली होती. मीच बाबाले खोटं सांगतलं. चूक माही आहे. मले माफ कर."