डिसेंट बसलेले बाबा

आईला इंग्रजी येत नाही, पण ‘डिसेंट’ हा शब्द तिने लालबागच्या चाळीत राहून स्वतःच्या मालकीचा करून टाकलाय. फिक्या रंगाचे पडदे डिसेंट, मान खाली घालून जाणारा शेजारणीचा जावई डिसेंट, मयताला नेसायची साडीसुद्धा डिसेंट. शब्दकोशात अर्थ दिलाय सभ्य. आईच्या लेखी, ज्याला मजल्यावरच्या बायकांना नावं ठेवता येत नाहीत ते.

माझं ज्याच्यावर मन बसलं होतं, त्याची आई गिरगावातून बोलणी करायला येणार ठरली, तेव्हा या शब्दाने घरात उच्छाद मांडला. नकार आला तर काय, या विचाराने माझी झोप उडाली होती. चाळीच्या रिवाजाप्रमाणे एका घरचे कप आले, दुसऱ्या घरच्या खुर्च्या, तिसऱ्या घरची नवी चादर. गॅलरीत वाळत घातलेल्या मिरच्या हलवल्या. उरले बाबा. गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले, आणि तोंड उघडलं की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं मालवणी बोलणारे. आईने त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि बजावलं, “डिसेंट बसा. नुसती मान हलवायची.”

बाबा फोटो काढायला बसावं तसे बसले. पत्रिका, मुहूर्त, हॉल, सगळ्याला एकच मान. पाऊण तासाने त्या बाईंनी कप खाली ठेवला.

“तुम्हाला हे स्थळ पसंत नाही का? तसं असेल तर स्पष्ट सांगा, आम्ही उठतो.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले.

“माका बोलूक बंदी आसा,” बाबा म्हणाले. “पण सांगतंय. माझ्या चेडवाक भूक सोसणा नाय. तेवढा सांभाळा, बाकी सगळा चालतला.”

बाई हसल्या आणि त्यांनी आईकडे साखर मागितली. लग्न ठरलं.

आजही सासरी कोणीही जेवायचं थांबलेलं असो, सासूबाई माझं ताट आधी वाढतात. मला ओशाळल्यासारखं होतं, कारण मी दिवसभर उपाशी राहू शकते. मध्यंतरी मी बाबांवर वैतागले, नसतं काहीतरी सांगून ठेवलंत म्हणून. ते म्हणाले, गिरणी बंद झाली त्या वर्षी तू रडून रडून झोपायचीस.

मला त्यातलं काहीच आठवत नाही.