मोठ्या बॉलचं रबर

प्रमोदिनी पाटणकर आणि मी रेल्वेत लागलो ते एकाच वर्षी, टेबल टेनिसच्या कोट्यातून. ऑफिसातही शेजारी बसायचो. दुहेरीत आम्ही बावीस वर्षं जोडीने खेळलो. तिचे वडील रामघाटावरच्या वेदशाळेत शिकवायचे. पोरगी अर्ध्या चड्डीत खेळते म्हणून गल्लीत बोलणी झाली, तर ते आमच्याकडच्या हिंदीत एवढंच म्हणाले, "जीतकर आई है, मिठाई खाओ." हे ती नेहमी सांगायची, अगदी त्यांच्या आवाजात.

पन्नाशी उलटल्यावर तिला कडेचे बॉल दिसेनासे झाले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा पडदा सुकतोय, नजरेचा घेर चहूकडून आक्रसत जाणार, औषध नाही. तिने ऑफिसात कुणाला कळू दिलं नाही. खेळाच्या हॉलवर मात्र येणं सोडलं.

माझी मुलगी संपदा ओसाकाला असते. तिने फोनवर सांगितलं, इथे म्हातारी माणसं चव्वेचाळीस मिलिमीटरच्या बॉलने खेळतात. नेहमीच्यापेक्षा मोठा, हलका, हवेत सावकाश येतो. मी डझनभर मागवले. आमच्या गुळगुळीत रबरावर तो बॉल नीट बसेना, कधी जाळीत, कधी भलतीकडे. मग संपदाने त्यासाठीच बनवलेलं रबर पाठवलं: दाणे बाहेरच्या बाजूला, खाली मऊ, जाड स्पंज. प्रमोदिनीने ते माझ्या हातातून काढून घेतलं, दाण्यांवरून बोट फिरवलं आणि स्वतःच बॅटवर चिकटवलं.

पहिल्याच दिवशी आमची रॅली चाळीसवर गेली. ती लहान मुलीसारखी ओरडली, "मालविका, दिसतोय गं!"

दोन हिवाळे आम्ही रोज खेळलो. ती जिंकायचीही. तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास कोपऱ्यातला बॉल तिच्या बाजूने सरळ निघून जायला लागला आणि ती बॅटसुद्धा हलवेना. तिला न कळवता मी बॉल तिच्या समोर, छातीच्या रेषेत टाकू लागले. ती खूश होती. मला दुसरं काही नको होतं.

दिवाळीच्या आधी एकदा मला हॉलवर पोचायला उशीर झाला. तोवर ती आमच्या ऑफिसातल्या तेजश्रीशी खेळायला उभी राहिली होती. तेजश्रीला काही ठाऊक नव्हतं. ती आपली नेहमीसारखी खेळली. मी आत आले तेव्हा गेम संपला होता. अकरा शून्य. प्रमोदिनी बाकावर बसून होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"होळीपासून."

"जोडीत बावीस वर्षं खेळलो. माझ्या वाटणीचा बॉल तू एकदा तरी मारलास?"

"नाही."

"मग आता कशाला माझ्या वाटणीचं खेळलीस?"

मी रडले. ती रडली नाही. बॅटवरचं रबर तिने एका कडेने सोलून काढलं, स्पंजचे तुकडे बाकावर पडले.

महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. "एक रबर अजून आहे ना तुझ्याकडे? एक गेम. खरा खेळ, शपथ घाल स्वतःला."

मी खरी खेळले. कोपऱ्यात, कट मारून, जसं कुठल्याही प्रतिस्पर्ध्याशी खेळले असते तसं. अकरा एक. टेबलाला वळसा घालून ती आली, हात पुढे केला, अंदाजाने, जरा डावीकडे. मी तो धरला.

"आता बस," ती म्हणाली.

त्यानंतर ती खेळली नाही. पुढच्या मार्चला निवृत्त होईल. संध्याकाळी मी तिला घरापर्यंत सोडते. पायऱ्या आल्या की ती माझं कोपर पकडते. वाटेत आम्ही महागाई, तिची भाची, माझे गुडघे, असलं काहीबाही बोलतो. तो एक गुण तिने खरंच मिळवला की माझा हात कचरला, हे तिने विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगायचं, मला अजून ठरवता येत नाही.