तीन काठ्या

“आजी, या अर्जाप्रमाणे तुमचा मुलगा अजून मेलेला नाही. नोव्हेंबरात मरणार आहे.”

कारकून हसला नाही, तेवढं बरं केलं. महिना मार्चचा होता. मुलाला जाऊन दोन महिने झाले होते. त्याच्या जागी सुनेला शिपायाची नोकरी मिळावी म्हणून अर्ज होता. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी लिहिला होता. पाचच्या आत दुरुस्त करून दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. सून शेजारी उभी राहून रडायला लागली. “रडून तारीख बदलत नाही,” मी म्हटलं.

चूक माझीच होती. मी चौथी शिकलेली. मराठी आकडे चांगले येतात, पण नाशिकचं ऑफिस म्हणून इंग्रजी घातले. माझा इंग्रजी एक म्हणजे उभी काठी. दिवस, महिना, साल यांच्यामधली रेघही मी उभीच ओढायची. तीन जानेवारी लिहिताना तीन काठ्या ओळीने आल्या. ऑफिसात अर्ज टाइप करणाऱ्याने पहिलीला रेघ समजलं आणि पुढच्या दोन जोडून अकरा केले.

“कुणा मास्तरांकडून लिहून आणा,” कारकून म्हणाला.

“माझा मुलगा कधी गेला ते मास्तरला काय माहीत? कागद दे.”

त्याच्याच टेबलावर लिहिलं. महिना अक्षरात, साल पूर्ण.

“आधी दि. लिहा. टिंब द्या. नंतर रोजी.”

“दोन्ही कशाला? एका माणसाला दोनदा हाक मारल्यासारखं.”

“साहेबांना लागतं हो.”

“मग हे घे, तुझ्या साहेबासाठी.”

लिहिलं: ‘माझा मुलगा दि. ३ जानेवारी २००१ रोजी अपघातात मरण पावला.’ त्याने मृत्यूच्या दाखल्याशी ताडून पाहिलं आणि शिक्का मारला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

त्यानंतर गल्लीतल्या बायकांचे अर्ज मीच लिहीत आले. दि. आणि रोजी दोन्ही घालते. अजून पटलेलं नाही. महिना मात्र आकड्यात कुणाला लिहू देत नाही. पदवी झालेल्या पोरींनासुद्धा खोडायला लावते.

सून जूनमध्ये कामावर रुजू झाली. तीन जानेवारीला दिंडोरी रस्त्यावर मोटारसायकलवर दोघं होती. मुलगा जागीच गेला. सून वाचली.