हौदाच्या खड्ड्यातला फोटो

भागीरथा गेली त्या दिवशी मी गुलाबाच्या कलमांसाठी वर्ध्याला गेलतो. संध्याकाळी पुलगावला गाडीतून उतरलो तर फलाटावर पोरगा, नामदेव. तो मला घ्यायला कधी येत नाही. तेव्हाच समजलो... "बाबा, माय गेली," एवढंच म्हणाला. कलमांची जुडी त्यानं हातातून घेतली.

आता महिना होत आला. भिंतीवर लावायला तिचा एकच फोटो आहे, तोही खड्ड्यातला. जवानीत मी एका ठेकेदाराच्या बंगल्यावर माळी होतो, तेव्हाचा. बाग मोठी शिस्तीची, सरळ रस्ते, मेंदीचं कुंपण, गुलाबाचे चौकोनी वाफे. नागपूरचे एक फोटोवाले साहेब अशा बागांचे फोटो काढत, आणि मग बागेखालच्या जमिनीचेही. असा शौक मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. बागेच्या मधोमध हौदाचा खड्डा खोदणं चालू होतं, भागीरथा टोपल्या वाहत होती. खड्ड्याच्या भिंतीत वर काळी माती, मग चुनखडी, मग पिवळा मुरूम, तळाला काळा खडक. किती खोल ते फोटोत कळावं म्हणून साहेबांनी तिला उभं राहायला सांगितलं. ही टोपली टाकून घरी पळाली अन् नवं हिरवं लुगडं नेसून आली. तोवर ऊन सरकलेलं.

"बाई, मले तुही उंची पाह्यजे होती, लुगडं नाई!"

"मंग उंची का उघडीच उभी करू, साहेब?"

टोपल्यावाल्या बाया खिदळल्या. साहेबही हसले. मग काठावर उभ्या मला म्हणाले, "माळीबुवा, तुमची सावली पडून राह्यली तिच्यावर. मांगं व्हा." मी सरकणार तेवढ्यात खालून ही ओरडली, "हालू नका जी! डोळ्यात ऊन येते." साहेबांनी हात टेकले.

नामदेव म्हणतो, वर्ध्याचा फोटोवाला खड्डा कापून मागं बाग लावून देतो, मायच्या तोंडावरचा काळा डागही काढून देतो.

"डाग नोहे तो, बापा," मी म्हटलं. "मी आहो."

फोटो लावला तसाच, मुरमासकट. आता थकलो, काही करावंसं वाटत नाही. फक्त सकाळी खिडकीतून तिच्या फोटोवर ऊन येतं, तेव्हा उठतो, बाज ओढतो, अन् मधे बसतो.