नलूबाईची साक्ष

नलू माहेरी परत आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. नवऱ्यानं तिकडे बालाघाटला दुसरी बाई घरात आणली आणि हिला एका पत्र्याच्या पेटीसकट एसटीत बसवून दिलं. सिंदवाडीत तिचे वडील नानाजी यांची थोडी शेती होती. त्यांनी आणि आई देवकाबाईनं तिला घरात घेतलं, पण कुणाच्या लग्नात हळदीला तिला बोलावणं यायचं बंद झालं. ती जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कचरा वेचायला जाऊ लागली. सातवी शिकलेली होती, त्याचा जिनात काही उपयोग नव्हता.

१९७८ साली होमगार्डमध्ये बाया भरती करणार, असा कागद शाळेच्या भिंतीवर लागला. नलूनं घरी न विचारता नाव दिलं.

नानाजी भडकले. "पोलिसात जातं का बाईमानूस?"

"पोलीस नाई बाबा, होमगार्ड. नोकरी नाई ते. सेवा हाये."

"मंग तं आनखीनच पागलपना हाये!"

पण दर रविवारी सकाळी ती शाळेच्या मैदानावर परेडला जाऊ लागली. पवनारला जत्रा असली, निवडणूक असली की बायांच्या रांगेशी तिची ड्युटी लागायची. ठाण्यात एकही महिला शिपाई नव्हती. त्यामुळे एखादी बाई चौकशीला आणली की जमादार नत्थूजी जिनात निरोप धाडायचे आणि नलू त्या बाईजवळ जाऊन बसायची. कोणी रडायची, कोणी शिव्या द्यायची. नलू पाणी द्यायची, पदर सावरून द्यायची. खाकी साडी नेसून ती बाजारातून निघाली की ज्या बाया हळदीला बोलवायच्या नाहीत त्याच विचारायच्या, "नलूबाई, आज कुठं बंदोबस्त?" ती पाच वर्षं तिच्या आयुष्यातली बरी वर्षं.

८३ सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी निरोप आला : दवाखान्यात या, जळालेली बाई आहे. मधुकरराव कापडवाल्याची बायको शोभाबाई. नलू तिला ओळखत होती. दुकानामागच्या खिडकीतून ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत असायची.

दवाखान्यात केळीच्या पानावर तिला निजवलं होतं. चेहरा तेवढा शाबूत होता. मधुकरराव आणि त्याची आई बाहेर बाकावर बसून होते. डॉक्टर एकटेच. त्यांनी सलाईन लावलं आणि ठाण्याला चिठ्ठी दिली की बाई शुद्धीवर आहे, जबानीसाठी तहसीलदारांना बोलवा, सेवाग्रामला हलवायला जीप द्या. मग पलीकडे एक अडलेली बाळंतीण होती, तिकडे गेले. जीप कुणा पुढाऱ्याच्या दौऱ्यावर गेली होती.

नलू स्टुलावर बसली. नत्थूजी दारात उभे होते. म्हणाले, "तुम्ही फकत बसजा. कोनाले जवळ येऊ देऊ नका." आणि निघून गेले.

थोड्या वेळानं शोभाबाईनं डोळे उघडले. "नलूबाई?"

"हाओ. मीच हावो."

"मी स्टोव्ह पेटवलाच नाही," शोभाबाई म्हणाली. ती अमरावतीकडची होती, जरा शुद्ध बोलायची. "त्यांनी रॉकेलचा डबा ओतला. सासूबाईंनी बाहेरून कडी लावली. लिहून घ्या, कोणाला तरी सांगा."

नलू पळत व्हरांड्यात गेली. नत्थूजी पानठेल्याशी उभे होते.

"जमादारसाहेब, ते सांगून राह्यली. नवऱ्यानं जाळलं म्हन्ते. चाला लवकर, लिहून घ्या."

"मले लिहाचा अधिकार नाई. तहसीलदार येतील दुपारी."

"तवरिक टिकल का ते?"

"तुमचं काम बसाचं हाये, नलूबाई. बसा."

ती परत येऊन बसली. शोभाबाईनं तीच गोष्ट आणखी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना तिला सासूचं नाव आठवेना. नलूच्या पिशवीत परेडची हजेरी लिहायची वही होती, पेन्सिलही होती. तिनं पिशवीला हातसुद्धा लावला नाही. कागद करणं हे साहेबलोकांचं काम, आपण बसायचं, हेच तिला पाच वर्षं शिकवलं होतं. ती पंख्यानं वारा घालत राहिली. सव्वाबाराच्या सुमारास शोभाबाईचा श्वास थांबला. तहसीलदार तीन वाजता आले. तोवर नत्थूजींच्या कागदावर स्टोव्हचा भडका उडाला असं लिहून झालं होतं.

शोभाबाईचा भाऊ वर्धेपर्यंत चकरा मारत राहिला, म्हणून केस तरी उभी झाली. साक्षीदार एकच, नलू. देवकाबाई म्हणाली, "तू काऊन पडतं त्याच्यात? तुह्यं एक ते कमी हाये का?" होमगार्डचे समादेशकही म्हणाले, जरा सांभाळून. नलू म्हणाली, "मले तिनं सांगतलं माय. दुसऱ्या कोनाले नाई सांगतलं."

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. जिल्ह्याच्या कोर्टात ती खाकी साडी कडक इस्त्री करून गेली. जे ऐकलं ते तिनं धडधड सांगितलं. मग मधुकररावचा वकील उठला. आवाज अगदी गोड.

"बाई, तुम्ही किती शिकल्या?"

"सातवी."

"लिहिता येतं?"

"येते."

"त्या दिवशी तुमच्याजवळ कागद होता?"

नलूनं खरं बोलायची शपथ घेतली होती. "वही होती," ती म्हणाली.

"पेन्सिल?"

"होती."

"एक बाई मरताना तीनदा सांगते लिहून घ्या. तुम्हाला लिहिता येतं, जवळ वही आहे, पेन्सिल आहे. मग का नाही लिहिलं?"

न्यायाधीशांनी वर पाहिलं. वकिलानं पुन्हा विचारलं. तिला नत्थूजी दिसत होते. मागच्या बाकावर ते टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

"मले वाटलं, ते माह्यं काम नाई," ती शेवटी म्हणाली.

वकील हसला नाही. "की तिनं काही सांगितलंच नाही?" एवढं म्हणून तो बसला.

मधुकरराव सुटला, त्याची आईही सुटली. कोर्टाबाहेर शोभाबाईचा भाऊ नलूजवळून गेला. तिनं हाक मारली तरी त्यानं वळून पाहिलं नाही. महिन्याभरानं समादेशकांनी तिला बोलावून सांगितलं, गावात वाद नको, तूर्त साडी-टोपी जमा करा, लागलं तर बोलवू. तिनं दोन्ही साड्या धुऊन, घडी करून नेऊन दिल्या. बोलावणं आलं नाही.

८६ साली मधुकररावचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी रोहण्याची, सदाशिवराव नावाच्या शेतकऱ्याची धाकटी, गुलाब. नलूनं जिनात खाडा केला आणि सकाळच्या एसटीनं रोहणा गाठलं. सदाशिवरावांनी खाट टाकली, चहा दिला. तिचं सगळं ऐकून घेतलं. चहा आणणारी पोरगी दाराआड थांबली होती, तिच्या पायाचा अंगठा तेवढा उंबऱ्यावर दिसत होता.

"कोर्टानं सोडलं न त्याले?" सदाशिवराव म्हणाले.

"सोडलं. पन म्या माह्या कानानं आयकलं, दादा."

"कोर्टाले नाई पटलं, मले कसं पटंल?"

त्यांची बायको बाजूला बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "बाई, तुमचे मालक कुठं असतात?"

नलूनं सांगितलं. बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. "म्हनून," ती म्हणाली. बस्स, एवढंच. नलू उठली. एसटीला दोन तास होते, ते तिनं स्टँडवर उन्हात काढले.

लग्न वैशाखात झालं. वरात जिनावरून गेली, बाया कापूस सोडून बघायला धावल्या.

पुढं दोन वर्षांनी भाजीबाजारात गुलाब समोर आली. अंगानं वाळली होती. वांगी निवडता निवडता, मान खालीच ठेवून तिनं विचारलं, "तुमीच न रोहण्याले आल्या होत्या?"

"हाओ."

"म्या दाराआडून आयकलं होतं सारं."

नलूनं पिशवी खाली ठेवली. "मंग? काई बोलली काऊन नाई तू?"

"मले कोनं इचारलं?" गुलाब म्हणाली. तिनं वांगी पदरात घेतली. डाव्या मनगटावर जुन्या डागासारखं काहीतरी होतं, तिनं ते पदरानं झाकून घेतलं.

"बाई, कोनाले सांगू नका," ती म्हणाली. "तुमचं कोनी आयकत नाई, अन् मले घरी मार बसते."

ती गर्दीत शिरली. नलू तिथंच उभी राहिली. भाजीवालीनं दोनदा विचारलं, काय देऊ, पण आपण काय घ्यायला आलो होतो ते तिला सांगता येईना.