दोन दिवसांचा बांगडा

रत्नागिरीत एका कॉलेजच्या मुलीच्या चित्रांचं पहिलंच प्रदर्शन होतं. आम्ही जाणकार मंडळी हनुवटीला हात लावून "रंगसंगती छान" म्हणत फिरत होतो. तेवढ्यात एक मासेवाली पाटी दाराबाहेर ठेवून पंख्याखाली आली. बांगड्याच्या चित्रासमोर ती वाकली आणि सवयीने तिचं बोट कल्ला उघडायला पुढे गेलं. चित्रकार मुलगी घाबरून धावली.

"हात नाय लावत गो," मासेवाली म्हणाली, "पण ह्यो बांगडा दोन दिवसांचा हाय. डोळा बघ, खोल गेलाय."

आम्ही ओशाळून हसलो. मुलगी मात्र आनंदाने उडालीच. "मावशी, दोन दिवस समोर ठेवूनच काढला!"

अभिप्रायाच्या वहीत आम्ही सगळ्यांनी 'छान' लिहिलं होतं. चित्र बघितलं होतं ते या बाईने.

पाटी डोक्यावर घेताना ती म्हणाली, "उद्या ताजा देतंय तुला. पण जरा भराभर काढ!"